चार रविवार

दर्शना परबच्या प्रयोगशाळेच्या खिडकीतून तिच्याच घराचा खड्डा दिसायचा.

डिलाईल रोडला पूर्वी मोरजकर चाळ उभी होती, तिथं तो खड्डा होता. आजोबांना गिरणीत नोकरी लागली तेव्हापासूनची परबांची खोली त्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर. चाळ पाडून टॉवर व्हायचा होता, आणि तो होईपर्यंत सगळे भाडेकरू माटुंग्याच्या पलीकडे ट्रान्झिट कॅम्पच्या एका इमारतीत राहायला गेले होते. दोन-तीन वर्षांचा तर प्रश्न, असं म्हणत पेट्या-भांडी घेऊन गेलेली माणसं सहा वर्षं तिथंच राहिली. मधे बिल्डर बदलला, कोर्टात तारखा पडल्या, काही जण कायमचे गावी गेले, काही वारले. अखेर मागच्या दिवाळीनंतर जागेवर यंत्रं आली आणि खणायला सुरुवात झाली.

दर्शना ज्या संशोधन संस्थेत काम करायची ती बाजूच्याच बंद गिरणीच्या दगडी इमारतीत होती. मधे फक्त कंपाउंडची भिंत. त्यामुळं कॅम्पमधल्या लोकांना दर्शना म्हणजे घरचा बातमीदार मिळाल्यासारखी झाली. संध्याकाळी ती कामावरून आली की जिन्याखाली प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेले रघुकाका ठरल्यासारखं विचारायचे, "काय गो दर्शना, खड्डो खयपर्यंत गेलो?"

"आज खडक लागला, काका."

"खडक लागलो म्हणजे बरा. पायो पक्को होतलो." आणि मग ते ही बातमी वर जाणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे. दर्शनालाही ते आवडायचं. एवढं शिकून ती नेमकं काय करते हे कॅम्पमध्ये कुणाला सांगता येत नव्हतं. निदान एवढा तरी तिचा उपयोग होता.

ती करायची ते काम तसं सांगायला अवघड नव्हतं, फक्त ऐकणाऱ्याला खोटं वाटायचं. नखाएवढ्या चिपवर प्रकाशासाठी बारीक वाटा कोरलेल्या असतात. त्या वाटांनी प्रकाशाचा एकेक कण, म्हणजे फोटॉन, सोडायचा, त्याला वळवायचा, दुसऱ्या कणाशी गाठ घालून द्यायची, आणि त्यातून नेहमीच्या कॉम्प्युटरला न जमणारी गणितं करून घ्यायची. पण शेवटी तो कण आला की नाही हे मोजावं लागतं. आजवर त्यासाठी प्रकाश चिपमधून बाहेर काढून दुसऱ्या यंत्राकडे न्यायचे, आणि त्या प्रवासात पुष्कळसे कण हरवायचे. दर्शनाला मोजणारा डिटेक्टर त्या चिपवरच, वाटेच्या अंगावरच बसवायचा होता. डिटेक्टर म्हणजे एक धातूची तार, केसाच्या हजाराव्या हिश्श्याएवढी रुंद. अतिशय थंड केली की तिच्यातून वीज विनाअडथळा वाहते. एक फोटॉन जरी तिच्यात शिरला तरी तेवढी जागा क्षणभर तापते, वीज अडखळते आणि तारेच्या टोकाला एक ठोका उमटतो. ठोका मिळाला की कण मोजला गेला.

अट एकच. तार सगळीकडे सारख्या रुंदीची हवी. एका ठिकाणी जरी ती चिमटली गेली तरी सगळी तार आंधळी.

हिवाळाभर दर्शनाच्या तारा आंधळ्या निघत होत्या. आधीच्या वर्षी तिनं अशाच तारा साध्या तुकड्यांवर करून दाखवल्या होत्या, त्या ठणठणीत होत्या. आता खऱ्या सर्किटवर बसवायची वेळ आली आणि एकेक चिप वाया जाऊ लागली. सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं की तारेच्या कडेला दात आल्यासारखे दिसायचे. तिच्या जोडीला काम करणारा हेरंब गिरगावातला, स्वभावानं उतावळा. तो म्हणाला धातूचा थर खराब आहे. थर बदलला. मग म्हणाला रसायन जुनं आहे. रसायन नवीन मागवलं. दर्शनाला वाटलं आपलाच हात कुठंतरी चुकतोय. तिनं सगळी कृती पहिल्यापासून पुन्हा केली. दात तसेच.

उत्तर सापडलं ते सुट्टीच्या दिवशी. होळीला साइटवरचे मजूर गावी गेले होते आणि खड्ड्यात शुकशुकाट होता. त्या दिवशी काढलेली तार आरशासारखी आली. दर्शना बराच वेळ त्या चित्राकडं बघत बसली. मग उठून तिनं कपाटातलं हादरे मोजायचं यंत्र काढलं आणि जमिनीवर ठेवलं. दोन दिवसांनी मजूर परतले, खडक फोडणारा ब्रेकर सुरू झाला, आणि पडद्यावरची सपाट रेघ सुळक्यांनी भरून गेली.

इलेक्ट्रॉनच्या किरणानं चिपवर तारा रेखणाऱ्या यंत्राखाली धक्के शोषणाऱ्या गाद्या होत्या, पण त्या रस्त्यावरच्या बसगाड्यांच्या हादऱ्यांपुरत्या. दोन्ही जागांखाली एकच काळा खडक होता आणि ब्रेकर त्याच खडकावर आपटत होता. रात्री ब्रेकर बंद असायचा, पण मग पायाची भोकं पाडणारी रिग आणि पाणी उपसणारे पंप चालायचे. बंगळुरूच्या केंद्रात असंच यंत्र होतं, पण तिथला नंबर वर्षभर पुढचा. तोवर प्रकल्पाची मुदत संपून गेली असती.

"रविवारी साइट बंद असते," दर्शना म्हणाली.

डॉ. मीनाक्षी दाबके तिच्या गटाच्या प्रमुख. दादरला राहायच्या, बोलणं नेमकं आणि हळू. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मग रविवारी करू. चिप किती शिल्लक आहेत?"

"थोड्याच आहेत, मॅडम. चार-पाच रविवार मिळाले तर सगळ्यांवर तारा होतील."

पहिला रविवार उत्तम गेला. सकाळपासून अंधार पडेपर्यंत यंत्र एका लयीत चालत राहिलं. हेरंबनं बाहेरून बटाटेवडे आणले आणि दोघांनी ते खिडकीशी उभं राहून, खाली निपचित पडलेल्या खड्ड्याकडं बघत खाल्ले. दर्शनाच्या मनात आलं, एक दिवस मी इथं काम करीन आणि आई समोरच्या गॅलरीतून हात करील.

पुढच्या शनिवारी रात्री जेवताना तिचे बाबा, जगदीश परब, कधी नव्हे एवढे खुशीत होते. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यापासून ते भाडेकरू समितीचे अध्यक्ष होते. अध्यक्ष म्हणजे सगळ्यांच्या शिव्या खायचा माणूस, असं आई म्हणायची, पण बाबा तो मान मनापासून सांभाळायचे.

"उद्यापासून रविवारीपण काम चालू," ते म्हणाले. "परवानगी आली. किती चपला झिजवल्या त्याच्यासाठी. बिल्डर म्हणतो पावसाळ्याच्या आधी तळ गाठतो."

दर्शनाचा घास हातातच राहिला. आईच्या ते लक्षात आलं. बकुळा परब कधी फारसं विचारायची नाही, बघायची. "काय झाला गो?"

दर्शनानं सांगितलं. फार आडपडदा न ठेवता, तारेचं, दातांचं, ब्रेकरचं, सगळं. आई म्हणाली, "म्हणजे सुयेत दोरो ओवताना कोणी कोपराक धक्को दिल्यासारखा."

"तसंच, आई."

बाबांनी ताटातलं पाणी बोटानं उगाच गोल फिरवलं. "तुला किती रविवार पायजेत?"

"चार."

"चार झाले की मग?"

"मग मला काही लागणार नाही, बाबा. मग त्यांना काय फोडायचं ते फोडू देत."

"बघतो," ते म्हणाले. ते 'बघतो' म्हणाले की काम होतं हे दर्शनाला लहानपणापासून ठाऊक होतं. शाळेचा दाखला असो, चाळीच्या नळाचं भांडण असो. पण या खेपेला ते तिच्याकडं न बघता म्हणाले.

समितीची बैठक कॅम्पच्या गच्चीवर झाली. दर्शना गेली नव्हती, पण बाबांनी तिथं काय सांगितलं आणि काय ऐकलं ते तिला आईकडून कळलं. ते उभे राहिले आणि म्हणाले की चार रविवार काम थांबवावं अशी आपली विनंती आहे. कुणीतरी विचारलं, कशासाठी. त्यांना सबब सांगता आली असती, मजुरांची सुट्टी म्हणून, पाण्याचं म्हणून. त्यांनी खरं सांगितलं. पोरीचं काम अडतंय म्हणाले.

कुणी आरडाओरड केली नाही. लोकांनी केली असती तर बाबांना सोपं गेलं असतं. तिसऱ्या मजल्यावरच्या रमाबाई बोलल्या. त्यांचा मुलगा आणि सून जागा नाही म्हणून नालासोपाऱ्याला राहायचे, रमाबाई कॅम्पमध्ये एकट्या. आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिसला जायच्या. "जगदीश, पोरगी तुझी तशी माझी पण," त्या म्हणाल्या. "तिचा नाव मोठा होऊ दे. पण माझो जीव चार रविवार वाट बघतलो काय, ता माका सांग."

बाबा खाली बसले. मतदान घ्यायची वेळच आली नाही.

सोमवारी दर्शनानं मॅडमना सांगितलं की रविवार गेले. मीनाक्षीबाईंनी ते संचालकांच्या कानावर घातलं, आणि तिथून गोष्ट दर्शनाच्या हातातून सुटली. संस्थेत आणखीही नाजूक यंत्रं होती, सगळी सरकारी पैशांतून घेतलेली. संस्थेनं महापालिकेकडं रीतसर अर्ज केला, सुनावणी लागली, आणि हादऱ्यांची मोजणी ज्या व्यक्तीनं केली तिनं समक्ष हजर राहावं असा निरोप आला.

"मॅडम, मला नका पाठवू," दर्शना म्हणाली. "समोर माझे वडील असतील. ती आमची चाळ आहे."

"मला माहीत आहे." मीनाक्षीबाई खरंच कष्टी दिसत होत्या. "मी हेरंबला पाठवलं असतं. पण मोजणी तू केलीस. विचारलेलं त्याला नीट सांगता आलं नाही तर तुझ्याच मोजणीवर शंका येईल. आणि हे बघ, आपण काम बंद पाडा म्हणत नाही आहोत. फक्त रविवार मागतोय. ते सुद्धा थोडे. अर्जात मी तेवढंच लिहिलंय, वाच तू."

दर्शनानं वाचलं. खरंच तेवढंच होतं. तिनं जायचं कबूल केलं.

सुनावणीची खोली लहान होती. एका बाजूला मीनाक्षीबाई आणि दर्शना. समोरच्या बाकावर बिल्डरचा इंजिनिअर, आणि त्याच्या शेजारी बाबा. लग्नाकार्यात घालायचा सफारी त्यांनी घातला होता. सकाळी दोघं घरातून वेगवेगळे निघाले होते. कुणी तसं ठरवलं नव्हतं.

सुनावणी घेणाऱ्या अधिकारी बाई शांत होत्या. त्यांनी अर्ज वाचला, समितीचं म्हणणं ऐकलं. बाबा थोडक्यात बोलले: माणसं म्हातारी होतायत, घर लवकर मिळावं. मग बाईंनी दर्शनाच्या मोजणीचे आलेख पुढ्यात ओढले आणि एका सुळक्यावर पेन टेकवलं.

"हे तुमच्या यंत्रासाठी वाईट?"

"हो, मॅडम."

"आणि इमारतीसाठी?"

दर्शनाला प्रश्न कळला, पण तो आपल्याला विचारला गेलाय हे कळायला क्षण लागला. मीनाक्षीबाई मधे म्हणाल्या, "आमची विनंती फक्त रविवारपुरती आहे."

"ते मी वाचलं. मी यांना विचारतेय. तुमची इमारत जुनी दगडी आहे. तिथं रोज माणसं काम करतात. जुन्या बांधकामाला किती हादरे चालतात त्याची मर्यादा ठरलेली आहे, तुम्हाला माहीत असेल. हे सुळके त्या मर्यादेच्या आत आहेत का?"

दर्शनाला माहीत होतं. तारेच्या नादात तिनं त्याकडं लक्ष दिलं नव्हतं, पण आकडा तिच्या डोक्यात होता आणि आलेखही पाठ होता. दोन्हीची तुलना करायला तिला पेन-कागद लागत नव्हता. तिनं समोर बघितलं. बाबा तिच्याकडंच बघत होते. बाकाच्या कडेवर त्यांचा हात घट्ट होता.

"बहुतेक आत आहेत," ती म्हणाली.

"बहुतेक?"

"काही वेळा बाहेर गेलेत."

इंजिनिअर म्हणाला की हे मोजमाप एकतर्फी आहे. बाईंनी विचारलं, "मग तुमचं कुठंय?" त्याच्याकडं नव्हतं.

बाहेर पडल्यावर मीनाक्षीबाई टॅक्सी करून गेल्या. दर्शना आणि बाबा बसस्टॉपपर्यंत चालत आले. वाटेत बाबा एका टपरीवर थांबले आणि त्यांनी दोन चहा सांगितले. चहा संपला. मग ग्लास खाली ठेवून म्हणाले, "आवाज नीट येत होता तुझा. पाठीमागं बसलेल्यांना पण ऐकू गेला असेल."

आदेश आठवड्याभरात आला. संस्थेच्या इमारतीची तपासणी होऊन ती सुरक्षित असल्याचा दाखला मिळेपर्यंत शेजारच्या जागेवर खडक फोडण्याचं आणि खोदकामाचं सगळं काम स्थगित. रविवारचा त्यात उल्लेखसुद्धा नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दर्शना प्रयोगशाळेत पोचली तेव्हा इमारत इतकी शांत होती की पंख्याचा आवाज ऐकू येत होता. खाली ब्रेकर आपला दांडा खडकावर टेकवून उभा होता. हेरंब खिडकीशी आला. त्यानं वाकून खाली बघितलं. मग म्हणाला, "करून टाकू या का? मशीन फ्री आहे."

"करू या," दर्शना म्हणाली. न करून तरी काय होणार होतं?

तारा एकापाठोपाठ एक स्वच्छ आल्या. रविवारची वाट बघायची गरज उरली नव्हती. सगळे वार सारखेच झाले होते. उरलेल्या सगळ्या चिपवर काम झालं. त्यांतली सगळ्यात चांगली चिप त्यांनी थंड करायच्या टाकीत बसवली आणि तापमान उतरायला ठेवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी, मीनाक्षीबाई, हेरंब आणि आणखी दोघं-तिघं भोवती उभे असताना, दर्शनानं क्षीण केलेला प्रकाश चिपमध्ये सोडला. पडद्यावर एक ठोका आला. मग आणखी एक. चिपवरच्या वाटेनं आलेले कण चिपवरच मोजले जात होते. प्रकाश झाकला की ठोके जवळजवळ थांबायचे, उघडला की पुन्हा सुरू. हेरंब तोंडावर हात ठेवून खाली बसला. मीनाक्षीबाईंनी दर्शनाच्या पाठीवर हात ठेवला. दर्शना आकडे उतरवून घेत राहिली. याच क्षणासाठी तिनं एवढी वर्षं घालवली होती, आणि तो कसा वाटेल हे तिनं पुष्कळदा मनात रंगवलं होतं. आता तो आला होता आणि तिला फक्त कुठंतरी जाऊन पडावंसं वाटत होतं.

कॅम्पमध्ये तिला कुणी वाईट बोललं नाही. जिन्यात भेटणारी माणसं बाजूला होऊन वाट द्यायची, पाहुण्याला देतात तशी. रघुकाका खुर्चीत असायचे, मान हलवायचे, आणि दुसरीकडं बघायचे. विचारण्यासारखं आता काही नव्हतंच. बाबांनी समितीचं अध्यक्षपद सोडलं. कुणी सोडा म्हटलं नव्हतं, आणि त्यांनी सोडल्यावर राहा असंही कुणी म्हटलं नाही.

इमारतीच्या तपासणीचं घोडं अडलं ते अडलंच. बिल्डर म्हणे इमारत संस्थेची, तपासणी संस्थेनं करावी. संस्था म्हणे हादरे बिल्डरचे, त्यानं करावी. पावसाळा आला. खड्ड्यात पाणी भरलं, पंप बंद होते, ब्रेकर अर्धा बुडाला. मग एके दिवशी ट्रेलर आणून बिल्डरनं यंत्रं दुसऱ्या साइटवर नेली.

दर्शनानं मीनाक्षीबाईंना गाठलं. "मॅडम, आपलं काम झालंय. आपण लिहून देऊ की आमची आता तक्रार नाही."

मीनाक्षीबाईंनी त्याच दिवशी संचालकांची सही घेतली. स्वतः दर्शनाबरोबर त्या अधिकारी बाईंकडं गेल्या. बाईंनी कागद वाचला आणि बाजूला ठेवला.

"तक्रार तुम्ही मागं घेऊ शकता," त्या म्हणाल्या. "मोजणी कशी मागं घेणार? इमारतीला धोका असू शकतो हे आता मला माहीत आहे. उद्या भिंत कोसळली तर मी काय सांगू? की त्यांची तक्रार नव्हती? कुणीतरी जबाबदार माणसानं सही करून द्यावं की धोका नाही. मी दुसऱ्या मिनिटाला स्थगिती उठवते."

"मोजणी माझी आहे," दर्शना म्हणाली. "मी पुन्हा मोजते. आता हादरे नाहीत."

"आता काम बंद आहे म्हणून नाहीत." बाईंच्या आवाजात चीड नव्हती. "तुम्ही खरं बोललात, त्याचं मला कौतुकच वाटलं होतं. पण मी पण इथं बांधलेली आहे."

संस्थेच्या इंजिनिअरनं सही द्यायला नकार दिला. बाहेरच्या दोन तज्ज्ञांना दर्शनानं स्वतः फोन केले. एकानं पावसाळ्यानंतर बघू म्हटलं, दुसऱ्यानं फोन उचलणं बंद केलं. कुणाचंच चुकत नव्हतं. ज्याच्याकडं जावं तो माणूस आपल्या जागी बरोबर होता, आणि म्हणून दर्शनाला कुणाशी भांडताही येत नव्हतं.

गणपती आटोपल्यावर रघुकाका गावी निघाले. कणकवलीजवळ त्यांच्या पुतण्याचं घर होतं. सामान टेम्पोत चढलं तेव्हा दर्शना खाली आली. "काका, घर झालं की या," असं म्हणायचं तिनं ठरवलं होतं, पण ते तोंडातून निघेना. काकांनीच तिच्या डोक्यावर हात ठेवला. "सांभाळून ऱ्हव गो," म्हणाले, आणि ड्रायव्हरच्या शेजारी चढून बसले.

त्या संध्याकाळी आई शेजारी गेली होती. बाबा ओट्यापाशी बांगडे साफ करत होते. दर्शना दाराला टेकून उभी राहिली.

"बाबा, त्या दिवशी मी नाही माहीत म्हटलं असतं तर चाललं असतं. कुणाला कळलं नसतं."

"हं."

"मला आकडा माहीत होता, पण मी नाही म्हणू शकले असते."

बाबांनी सुरी खाली ठेवली, पण वळले नाहीत. "मी समोर बसून तेच मागत होतो. मनातल्या मनात. खोटं बोल म्हणून." नळ चालू होता, तो त्यांनी बंद केला. "जन्मभर तुला सांगितलं, खरं बोलायचं. आणि तिथं बसून देवाला सांगतोय, पोरीला एवढं एकदा खोटं बोलू दे. तू बोलली नाहीस. मला बरं वाटलं की वाईट वाटलं, ते अजून मला ठरवता येत नाही, दर्शू."

दर्शनाला त्यांच्याजवळ जायचं होतं, पण त्यांच्या हाताला माशाचं रक्त होतं आणि त्यांनी ते हात अंगापासून लांब धरले होते. दर्शनाला वाटलं, त्यांनी रागावून घेतलं असतं तर रडता आलं असतं.

खालून हाका आल्या. रमाबाई डायलिसिसहून रिक्षानं आल्या होत्या आणि लिफ्ट बंद पडली होती. मुलगा नालासोपाऱ्याहून यायला निघाला होता, पण त्याला वेळ होता. बाबांनी हात धुतले, घरातली लाकडी खुर्ची उचलली आणि खाली गेले. दर्शना मागून गेली.

रमाबाई जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसून होत्या, चेहरा पांढरा पडलेला. त्यांनी दर्शनाकडं बघितलं आणि नजर खाली केली. बाबांनी त्यांना आधार देऊन खुर्चीत बसवलं. पाठीकडून ते धरणार होते, पण पुढं कुणी नव्हतं. म्हणून खुर्चीचे पुढचे पाय दर्शनानं धरले.

"उचल," बाबा म्हणाले.

रमाबाई अगदी हलक्या होत्या. तरी जिना अरुंद होता आणि वळणावर खुर्ची तिरपी करावी लागत होती. दुसऱ्या मजल्यावर बाबांना दम लागला, म्हणून त्यांनी खुर्ची टेकवली. दर्शना एक पायरी खाली वाकून उभी होती, तिचा चेहरा रमाबाईंच्या गुडघ्यांच्या पातळीला. काहीतरी बोलायला हवं असं तिला वाटत होतं, पण बोलण्यासारखं जे होतं ते सगळं कधीच सांगून झालं होतं.

रमाबाईंनी पदरानं कपाळ पुसलं. "हळू घेवा," त्या म्हणाल्या. "घाई नाय."

बाबांनी मान हलवली, आणि दोघांनी खुर्ची पुन्हा उचलली.